बालकांची आकार-ओळख आणि पालकांचे कर्तव्य

गणित हा विषय अवघड आहे, ही समजूत आपल्या घरांत मूल शाळेत जाण्यापूर्वीच येऊन बसलेली असते. पाढे पाठ झाले, शंभरपर्यंत अंक लिहिता आले, की मुलाचे गणित चांगले आहे, असा आपला सर्वसाधारण हिशेब असतो. परंतु अंक ही गणिताची एक बाजू झाली. दुसरी बाजू आकारांची आहे आणि तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. भूमिती म्हणजे वरच्या वर्गात कंपासपेटी घेतल्यावर सुरू होणारा विषय, असे आपण धरून चालतो. वास्तविक तिचा पाया मूल तीन ते आठ वर्षांचे असतानाच घातला जातो. हा पाया घालण्यासाठी पदवी लागत नाही व फारसा पैसाही लागत नाही. लागते ती थोडी सवड आणि योग्य प्रश्न विचारण्याची सवय. ती सवय कशी लावून घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नाव येते, पण ओळख नसते

आज घरोघरी भिंतीवर रंगीत तक्ता असतो. पाहुणे आले की आपण मुलाला उभे करतो आणि मूल बोट ठेवून सर्कल, ट्रँगल, स्क्वेअर अशी नावे घडाघडा म्हणून दाखविते. आपल्याला कौतुक वाटते व ते साहजिकच आहे. परंतु आता एक साधा प्रयोग करून पाहावा. पुठ्ठ्याचा एक चौरस कापून मुलासमोर ठेवावा. मूल “चौरस” म्हणेल. तोच चौरस त्याच्यादेखत थोडा फिरवून टोकावर उभा धरावा आणि हा कोण, असे विचारावे. बरीच मुले म्हणतात, “हा चौरस नाही, हा पतंग!” एखादा लांबट, निमुळता त्रिकोण दाखविला तर “हा त्रिकोण नाही” असे उत्तर येते, कारण तक्त्यावरचा त्रिकोण तसा नव्हता.

मुलाची बुद्धी येथे कमी पडलेली नाही. त्याने चौरसाचे चित्र लक्षात ठेवले, चौरस कशामुळे चौरस ठरतो हे त्याला कोणी विचारलेच नाही. हॉलंडमधील पिअर व्हॅन हीले आणि डिना व्हॅन हीले-गेल्डॉफ या शिक्षक दांपत्याने १९५७ साली युट्रेख्ट विद्यापीठाला सादर केलेल्या आपल्या प्रबंधांत याच गोष्टीचा उलगडा केला. त्यांच्या मते मूल आकार शिकताना पायऱ्या चढत जाते. पहिल्या पायरीवर ते आकार एकूण रूपावरून ओळखते. दार दिसते तसा तो आयत. दुसऱ्या पायरीवर त्याला आकाराचे गुणधर्म दिसू लागतात. बाजू किती, कोपरे किती, कोणत्या बाजू सारख्या. तिसऱ्या पायरीवर या गुणधर्मांचा आपापसांतील संबंध त्याला कळतो. सिद्धता वगैरे गोष्टी त्याच्याही पुढच्या.

या दांपत्याच्या सांगण्यातील दोन मुद्दे पालकांनी विशेष ध्यानात घ्यावेत. पहिला असा की, या पायऱ्या केवळ वय वाढल्याने चढता येत नाहीत. तसा अनुभव आणि तशी शिकवण मिळावी लागते. दुसरा असा की, शिक्षक एका पायरीवर व विद्यार्थी दुसऱ्या पायरीवर असेल, तर दोघे एकच शब्द वापरूनही एकमेकांना समजत नाहीत. वरच्या वर्गात गुरुजी “आयताच्या समोरासमोरील बाजू समान असतात” असे फळ्यावर लिहितात, तेव्हा ज्या मुलाच्या मनात आयत म्हणजे केवळ दाराचे चित्र आहे, त्याला ते वाक्य पाठ करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. पाठ केलेले परीक्षेनंतर विसरते. मग “मला गणित येत नाही” असे मूल स्वतःच ठरवून टाकते, आणि शिकवणी लावण्याची ऐपत नसलेल्या घरात हा निकाल सहसा कायमचा ठरतो. शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीतील आकृत्या असोत, चित्रकलेची परीक्षा असो की आयटीआयमधील फिटर वा ड्राफ्ट्समनचा अभ्यासक्रम असो, तेथे आकार वाचता यावा लागतो. म्हणून लहानपणी पहिल्या पायरीवरून दुसरीवर नेण्याचे काम महत्त्वाचे आहे.

आपल्या भाषेचे बळ आणि एक अडचण

या कामात मराठी भाषा आपल्या मदतीला आहे. त्रिकोण म्हणजे तीन कोन, चौकोन म्हणजे चार कोन, षटकोन म्हणजे सहा कोन. नावातच वर्णन दडलेले आहे. मूल इंग्रजी माध्यमात जात असले तरी घरी ही नावे अवश्य सांगावीत व फोडून दाखवावीत. चौकोन हे मोठे घराणे आहे आणि चौरस व आयत ही त्यातील माणसे आहेत, असे सांगितले म्हणजे मुलांना चटकन पटते.

अडचण आहे ती “गोल” या शब्दाची. आपल्या बोलण्यात भाकरी गोल, चेंडू गोल, बांगडी गोल आणि पाण्याची टाकीही गोल. परंतु या चारही वस्तू वेगवेगळ्या आहेत. बांगडी जमिनीवर ठेवून भोवतीने खडूने रेघ ओढली, की जे उमटते ते वर्तुळ. भाकरी ही आतून भरलेली चकती. चेंडू कोणत्याही बाजूने पाहिला तरी गोलच, आणि टाकी वरून पाहिली तर गोल, समोरून पाहिली तर चौकोनी दिसते. लहान मुलाला यांची शास्त्रीय नावे सांगण्याची घाई नको. “चपटे आहे की फुगीर?”, “घरंगळते का?”, “आत भरलेले आहे की पोकळ?” एवढे प्रश्न विचारले तरी पुष्कळ झाले.

तीच गोष्ट काडेपेटीची. काडेपेटी म्हणजे आयत नव्हे. तिची प्रत्येक बाजू आयताकार असून अशा सहा बाजू तिला आहेत. ओल्या रंगात एकेक बाजू बुडवून कागदावर ठसा उमटविला, तर मुलाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. तो डोळ्यांनाच दिसतो.

शब्द आधी घरचे

मूल वर्णन करू लागते तेव्हा ते घरचे शब्द वापरते. टोक, कड, काठ, कोपरा, तिरपा, वाकडा, निमुळता हे सर्व उत्तम शब्द आहेत. “टोक नाही, शिरोबिंदू म्हण” असे सांगून मुलाला अडवू नये. जे मूल आपल्या बोलीवरून एकदा ओशाळले, ते पुढे वर्गात तोंड उघडत नाही. मुलाने “ह्याला तीन टोकं हायेत” असे सांगितले, तर त्याचे गणित संपूर्ण बरोबर आहे. “बरोबर, तीन कोपरे आहेत” असे आपण सहजपणे म्हणावे. पुस्तकी शब्द ऐकून ऐकून आपोआप येतो.

महाराष्ट्रात याचा आदर्श ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी घालून दिलेला आहे. १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, आजच्या पालघर जिल्ह्यात, त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम केले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात न्यावी, या विचारातून त्यांची अंगणवाडी उभी राहिली. महागड्या साधनांऐवजी खडे, बिया, शिंपले, पाने यांवर त्यांनी मुलांना शिकविले. जे मुलाच्या पायाखाली पडलेले आहे, तेच त्याचे साधन.

घरी करावयाचे पाच खेळ

पहिला खेळ पिशवीचा. कापडी पिशवीत काडेपेटी, बांगडी, चेंडू, साबणाची वडी, झाकण अशा वस्तू घालाव्यात. मुलाने न पाहता आत हात घालावा आणि हाताला काय लागते ते सांगावे, पण वस्तूचे नाव घेऊ नये. इतरांनी ओळखावे. नाव घेण्याची मनाई असल्यामुळे मुलाला वर्णन करावेच लागते. या खेळाचे सारे मर्म या एका अटीत आहे.

दुसरा खेळ घरंगळण्याचा. पाटाखाली वीट ठेवून तो तिरपा करावा. त्यावरून चेंडू, पावडरचा गोल डबा व लाकडी ठोकळा सोडून पाहावा. चेंडू कसाही ठेवला तरी घरंगळतो. ठोकळा फार तर घसरतो. डबा आडवा ठेवला तर घरंगळतो आणि उभा ठेवला तर राहतो. म्हणजे डबा काही बाबतीत चेंडूसारखा आणि काही बाबतीत ठोकळ्यासारखा. जर्मनीत १८३७ साली आपली बालशाळा सुरू करणाऱ्या फ्रेडरिक फ्रोबेल यांनी मुलांसाठी केलेल्या साधनांत गोल, दंडगोल आणि घन ही त्रयी याच तुलनेसाठी एकत्र ठेवली होती.

तिसरा खेळ काड्यांचा. खराट्याचे हीर सारख्या लांबीचे तोडावेत आणि भिजविलेले हरभरे सांध्यासाठी घ्यावेत. तीन काड्यांचा त्रिकोण करून तो हलवून पाहावा. तो आपला आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौरस केला तर जरा दाबताच तो तिरका होऊन शंकरपाळ्यासारखा होतो. काड्या त्याच, त्यांची लांबीही तीच, मग चौरस कुठे गेला? येथे मुलाला कळते की चौरसाला केवळ चार सारख्या बाजू पुरत नाहीत, कोपरेही सरळ लागतात. छपराच्या कैचीत त्रिकोण का असतात, याचेही उत्तर या खेळात आहे. दोन आखूड आणि एक खूप लांब काडी घेऊन त्रिकोण होतो का, हेही पाहू द्यावे. आखूड काड्यांची टोके एकमेकींपर्यंत पोचत नाहीत, हे मूल स्वतःच शोधून काढते.

चौथा खेळ कागदी गुण्याचा. कोणताही फाटका कागद घ्यावा व त्याला एक घडी घालावी. आता त्या घडीची कड स्वतःवरच तंतोतंत बसेल अशी दुसरी घडी घालावी. जो कोपरा तयार होतो तो काटकोन. हा कागद घेऊन मुलाने घरभर फिरावे आणि दाराचा, लादीचा, वहीचा, कॅरम बोर्डाचा कोपरा तपासावा. कोणता कोपरा बरोबर बसतो, कोणता अरुंद आहे, कोणता पसरट आहे, हे सांगावे. अंश मोजण्याच्या कितीतरी आधी मुलाला कोन समजू लागतो तो असा.

पाचवा खेळ घड्यांचा. चौरस कागद कोपऱ्यावर कोपरा ठेवून तिरपा दुमडला तर दोन्ही भाग एकमेकांवर नेमके बसतात. वहीचा लांबट कागद एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपा दुमडला तर भाग बसत नाहीत, कड बाहेर राहते. का बसत नाही, असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. पट्टी न वापरता बाजूंची तुलना कशी करावी, हे मूल येथे शिकते.

सारखे काय, वेगळे काय?

वर्णनानंतर तुलना येते. तुलनेसाठी दोनच प्रश्न पुरतात व ते रोज विचारता येतात. जेवणाच्या वेळचा हा संवाद पाहा :

आई : ह्या पाटात आणि ह्या ताटात सारखं काय आहे?
मूल : दोन्ही खाली ठेवायचे.
आई : बरोबर. आणि वेगळं काय?
मूल : ताटाला कोपरे नाहीत.
आई : पाटाला किती आहेत?
मूल : चार. एक, दोन, तीन, चार.
आई : ताटाच्या काठावरून बोट फिरव बरं. कुठे थांबतं का?
मूल : नाही, फिरतच राहतं!

आईने येथे “ताट वर्तुळाकार आहे” असे सांगितले नाही. तिने बोट फिरवायला लावले आणि वाक्य मुलाच्या तोंडून आले. “दोन्ही खाली ठेवायचे” हे उत्तर आकाराचे नव्हते. तरी तिने ते झिडकारले नाही, पुढचा प्रश्न विचारला. शिकविणे म्हणतात ते यालाच.

तुलनेला कस लावणाऱ्या वस्तूही घरात असतात. घडीची पोळी लाटण्यापूर्वी दोनदा दुमडली की तिला आपण त्रिकोणी म्हणतो. पण तिच्या दोन कडा सरळ आणि एक वळणदार असते. मग ती खरा त्रिकोण आहे का? आजीच्या डब्यात जुनी नाणी असतील तर ती काढावीत. पाच पैशांचे नाणे चार कडांचे, पण कोपरे गोलावलेले. वीस पैशांचे ॲल्युमिनियमचे नाणे सहा कडांचे. २५ पैसे व त्याखालील नाणी २०११ साली चलनातून गेली, तरी या शिकवणीत ती अजून चालतात. शेजारी आजचे वीस रुपयांचे नाणे ठेवून त्याच्या बारा कडा मोजाव्यात. कडा वाढत गेल्या की आकार गोलाकडे झुकू लागतो, हे मुलाच्या स्वतःच्या लक्षात येते.

सहलीला भाजे लेण्यांकडे गेलात, तर चैत्यगृहाचे खांब मुलांना दाखवावेत. ते अष्टकोनी आहेत. भोवती फिरून बाजू मोजताना मुले हमखास एक बाजू दोनदा मोजतात. म्हणून मोजणी जेथून सुरू केली तेथे एकाने उभे राहावे. अशी युक्ती मुलांनाच सुचू दिली तर अधिक चांगले.

काही पथ्ये

त्रिकोण नेहमी सपाट बुडावर बसलेला व तिन्ही बाजू सारख्या असलेलाच दाखवू नये. लांबट, तिरपे, टोकावर उभे असेही दाखवावेत आणि त्यांना “उलटा त्रिकोण” म्हणू नये. त्रिकोणाला उलटसुलट नसते.

जो आकार नाही तोही दाखवावा. तीन रेघा, पण एका ठिकाणी जोडलेल्या नाहीत, अशी आकृती काढून हा त्रिकोण का नाही, असे विचारावे. नकाराचे कारण सांगताना गुणधर्म अधिक पक्के होतात.

“चौरस म्हणजे आयत नव्हे” असे कधीही शिकवू नये. आयताला चार सरळ बाजू आणि चारही कोपरे काटकोनी लागतात. चौरसापाशी हे सर्व आहे, शिवाय त्याच्या चारही बाजू सारख्या आहेत. लहानपणी ही गुंतागुंत उकलून सांगण्याची गरज नाही, पण पुढे खोडून काढावे लागेल असेही काही सांगू नये.

चुकीच्या उत्तरावर हसू नये, हात तर मुळीच उगारू नये. “तुला असं का वाटलं?” हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारावा आणि चुकलेल्यालाही. पुष्कळदा कारण सांगता सांगता मूल स्वतःच आपले उत्तर सुधारते.

आपल्यापाशी काय आहे?

“आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय शिकविणार?” असे अनेक माता-पिता संकोचाने म्हणतात. त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते की, ज्याच्या हातात गुण्या व ओळंबा आहे, त्या गवंड्याला काटकोन चांगलाच ठाऊक असतो. पायाची आखणी करताना तो एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट खूण करतो आणि खुणांमधील तिरपे अंतर पाच फूट भरले की कोपरा गुण्यात आला म्हणतो. भूमितीचा एक थोर सिद्धांत तो रोज कामाला लावीत असतो. गोधडी शिवणारी आजी तिरप्या कडेला तिरपी कड जुळवून दोन त्रिकोणांचा चौकोन करते. सुतार, शिंपी, पत्र्याचे काम करणारा कारागीर, या सर्वांच्या हातांत हे ज्ञान आहे. ते हातातून मुलाच्या तोंडी यावे, एवढेच करावयाचे आहे. रविवारी मुलाला शेजारी बसवून “हा तुकडा इथे का बसत नाही, सांग बघू” असे विचारले, तरी तो गणिताचाच तास होतो.

५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात आकारांची व अवकाशाची समज हीही पायाभूत संख्याज्ञानाचा भाग मानली गेली आहे. शाळा आपले काम करतील. परंतु वर्गात मुले पुष्कळ असतात व प्रत्येकाला बोलण्याची संधी मिळतेच असे नाही. ती संधी घर देऊ शकते. वस्तीतील बालवाडी व अभ्यासिका चालविणाऱ्या कार्यकर्त्यांनीही आठवड्यातील एक तास या खेळांसाठी राखून ठेवावा. पिशवी, हीर, हरभरे आणि रद्दी कागद यांच्यापलीकडे खर्च नाही.

रोज दहा मिनिटे, दोन वस्तू आणि दोन प्रश्न : सारखे काय, वेगळे काय? जे मूल पाहिलेले शब्दांत मांडू शकते व आपल्या म्हणण्याचे कारण देऊ शकते, त्याला पुढे फळ्यावरच्या आकृतीचे भय वाटत नाही. आपल्या प्रत्येक घरातून असे एक तरी मूल भूमितीच्या वर्गात ताठ मानेने बसावे, याच सदिच्छेसह हा लेख पूर्ण करतो.